दोन वेण्यांचा पुरावा

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास मी माझ्या मुलीच्या डोक्यावर दोन वेण्या पाहिल्या. वर्सोवा गावाच्या तोंडाशी बर्फाचा टेम्पो आडवा लागला होता आणि माझी रिक्षा त्याच्यामागे अडकली होती. समोरून माझी आई, अंजनाबाई, हातात पिशवी घेऊन चालली होती आणि तिच्या दोन पावलं पुढे रुचिका. नऊ वर्षांची. मधोमध सरळ भांग, लाल रिबिनी, पायात शाळेचे निळे शूज. दुसरीच कोणी असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण चालताना डावा हात कानाशी धरायची तिची सवय मी हजार पोरींत ओळखीन. आईने डोक्यावरून पदर घेतला होता, आणि ती कधीच डोक्यावर पदर घेत नाही, तेव्हा तोंड लपवतेय हे उघड होतं. टेम्पो हलेपर्यंत, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालेपर्यंत दोघी गल्लीत शिरल्या. साडेपाच महिने या मुलीने घरात केसांना कंगवा लावू दिला नव्हता. शूज डिसेंबरापासून दिसलेच नव्हते, हरवले असं आम्ही धरून चाललो होतो.

मी गाड्यांच्या विम्याचे दावे तपासतो. साकीनाक्याच्या गॅरेजांमधून वाकून, झोपून, टॉर्च मारून डेंट बघायचे आणि ठरवायचं, हा जुना की नवा. लोक काय वाटेल ते सांगतात. भिंतीला घासलेली गाडी ट्रकने उडवली म्हणतात, रडतात, देवाची शपथ घेतात. चौदा वर्षांत मी एक शिकलो. माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, पत्र्याकडे बघायचं. पत्र्यात गंज असेल तर डेंट जुना. आणि फोटो काढताना नंबरप्लेट आलीच पाहिजे, नाहीतर तो फोटो कोणाच्याही गाडीचा असू शकतो. ऑफिसात मला मागून 'सीआयडी' म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही, उलट बरंच वाटतं. पण त्या दिवशी यारी रोडच्या सोसायटीत मी एका गाडीचा बंपर अर्धा तास बघत होतो आणि मला बंपर दिसतच नव्हता, दोन वेण्या दिसत होत्या. म्हणजे हिला जमतं. मग घरात जे चालतं ते काय चालतं?

घरात काय चालतं ते सांगायलाही लाज वाटते. "ब्रश कर" म्हटलं की रुचिका म्हणते, मी आज माणूस नाहीये, मांजर आहे, मांजराला ब्रश नसतो. "जेवायला ये" म्हटलं की तिचे पाय झोपलेले असतात, त्यांना उठवलं तर ते रडतील. आधी आम्ही हसायचो. जान्हवी, माझी बायको, ऑफिसात तिचे किस्से सांगायची. मग किस्से संपले आणि किंकाळ्या सुरू झाल्या. दोनदा सांगितलं की ओरडणं, तीनदा सांगितलं की चावणं, नाहीतर जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसणं, दोन-दोन तास. शाळेने डिसेंबरात गोड शब्दांत हात वर केले. घाटकोपरच्या प्रियंका मॅडमनी, त्या अशाच मुलांसोबत काम करतात, आम्हाला समोर बसवून सांगितलं की रुचिकाला ऑटिझम आहे, आणि त्यातही अशा काही मुलांना रोजची साधी मागणी, 'दात घास' एवढीसुद्धा, अंगावर आल्यासारखी वाटते. हट्ट नाही, भीती आहे, त्या म्हणाल्या. सांगणं कमी करा, विचारणं कमी करा, तिच्या हातात थोडं राहू द्या. जान्हवी मान डोलावत होती, डोळे पुसत होती. मी मॅडमच्या तोंडाकडे बघत नव्हतो, भिंतीवरच्या प्रमाणपत्रांकडे बघत होतो, आणि मनात म्हणत होतो, अरे वा, म्हणजे पोरीने दात घासायचे नाहीत आणि आपण तिला घाबरायचं.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकायची. हिला कोणी काही विचारायचं नाही, पण ही मात्र रोज विचारणार. मी सकाळी बॅग घेतली की टेबलाखालून, पलंगामागून, कुठूनही आवाज यायचा, "बाबा, कुठे चाललास?" रोज. ऑफिसला, असं रोज उत्तर द्यायचो. मला त्यात खोडी दिसायची. नियम काय ते हिला बरोबर कळतं, असं वाटायचं.

जानेवारीत मी कर्जतकडच्या एका निवासी शाळेचा फॉर्म आणला. ऑफिसातल्या चैतन्यचा भाचा तिथे महिन्याभरात सुतासारखा सरळ झाला होता, असं चैतन्य म्हणाला. पहाटे पाचला उठवतात, रांगेत उभं करतात, स्वतःचं ताट स्वतः घासायला लावतात. फॉर्मवर आईवडील दोघांची सही लागते. मी केली. जान्हवीने फॉर्म वाचला, घडी घातली आणि परत दिला. "ती मरेल रे तिथे," ती म्हणाली. मी म्हटलं, "ती नाटक करते." तेव्हा ती भडकली. मुलुंडच्या चाळीत वाढलेली मुलगी आहे, भडकली की आवाज तीन मजले जातो. "तू सगळ्या जगाला खोटं ठरवत फिरतोस ना? मग दाखव मला. तिने एकदा, एकदाच, आपणहून शूज घातलेले दाखव. मी लगेच सही करते. शनिवारपर्यंत मुदत आहे ना तुझ्या फॉर्मची? दाखव." फॉर्म बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला. बुधवारी तो तिथेच होता.

बुधवारी संध्याकाळी मी मुद्दाम लवकर घरी गेलो. रुचिका गॅलरीत अनवाणी, केस पिंजारलेले, विस्कटलेले. जान्हवी घरी आल्यावर आई तिला साडेचारला रिक्षाने सोडून गेली होती. जान्हवी सकाळी वांद्र्याला ऑफिसला जाताना तिला आजीकडे ठेवते, हे तीन महिने चाललंय. मी तिच्या केसांकडे बघत राहिलो. नीट बघितलं तर केसांना लाटा पडल्या होत्या, दिवसभर वेणी घातल्यावर पडतात तशा. पुरावा असा समोर होता आणि जान्हवीला दिसत नव्हता. की दिसत होता? तिलाही माहीत असेल? दोघी मिळून मला मूर्ख बनवत असतील? एकदा मनात आलं की आईने गावातल्या कोणाकडून तरी काही अंगारा-बिंगारा आणला असेल, पोरीला मारत असेल, धाक दाखवत असेल. मी अगदी सहज, हलक्या आवाजात विचारलं, "रुचा, आज कुठे फिरून आलीस गं?" ती माझ्याकडे न बघता टेबलाखाली गेली. "रुचा आज सुट्टीवर आहे," आतून आवाज आला. जान्हवीने स्वयंपाकघरातून माझ्याकडे असं बघितलं की मी टीव्ही लावला. टीव्हीसमोर बसून मी उद्याची अर्धी रजा टाकली.

टीव्हीवर काय चाललं होतं आठवत नाही. मला मागच्या उन्हाळ्यातला एक दिवस आठवत होता, आणि तो मला नको होता. मी तिला म्हटलं होतं, चल, आईसक्रीम खाऊया. तिला आईसक्रीम जीव की प्राण. तिचे डोळे आधी चमकले. मग ती 'नाही' म्हणाली. मग दाराशी गेली, परत आली, परत गेली, आणि दाराला डोकं लावून रडली. मला हवंय, मला हवंय, म्हणत रडली. गेली नाही. दाव्यात मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, यात फायदा कोणाचा? आईसक्रीम न खाण्यात तिचा काय फायदा होता? हा प्रश्न मी तेव्हा बाजूला ठेवला होता. बुधवारीही बाजूला ठेवला. कारण मला दोन वेण्या दिसल्या होत्या, आणि मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. खोटं पकडल्याचा आनंद. पोटच्या पोरीचं.

गुरुवारी सकाळी नऊला मी कोळीवाड्यात शिरलो. मी त्याच गल्लीत जन्मलो, पण चोरासारखा भिंतीच्या कडेकडेने गेलो. आईच्या घरासमोर बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या आहेत, त्यावर बोंबील माळेसारखे लटकत होते. त्यांच्यामागून ओटा आणि उघडं दार सरळ दिसतं. मोबाईल काढला, वेळ दिसेल असं सेटिंग केलं. आतून दोघींचं हसू ऐकू येत होतं, दिसत काही नव्हतं. थोड्या वेळाने आई बाहेर आली, पदर डोक्यावर. तिने दाराशी निळे शूज ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला करून. त्यांच्या शेजारी पिशवी. मग ती ओट्यावर तोंड फिरवून बसली आणि कावळ्यांना हाकलायला लागली. एक शब्द नाही. रुचिका दारात आली. तिच्या वेण्या घातलेल्या होत्या. ती शूजकडे न बघता शूजभोवती फिरली, आत गेली, परत आली, एक शूज पायाने ढकलून बघितला, परत आत गेली. आई कावळ्यांकडे बघत होती. मला घाई झाली होती, पायाला मुंग्या आल्या होत्या, माझ्या तोंडात दहादा शब्द आला, "घाल ना!" रुचिका उंबऱ्यावर बसली. उजवा शूज डाव्या पायात घातला, काढला, बरोबर घातला. दुसरा घातला. उठली आणि चालू लागली. मग आई उठली आणि तिच्या मागून गेली. मी वेळ बघितली. सत्तेचाळीस मिनिटं झाली होती.

ती शूज ठेवायची पद्धत मी आधी कुठेतरी बघितली होती. चालता चालता आठवलं आणि मी ते झटकलं. माझे वडील, हरेश्वर, बोटीवर जायचे तेव्हा त्यांची टोपली आणि कंदील आई असाच दाराशी ठेवायची, बाहेर तोंड करून, आणि पाठ फिरवून काहीतरी निवडत बसायची. आमच्यात दर्यावर निघालेल्याला हटकत नाहीत. कुठे चाललास विचारायचं नाही, कधी येशील विचारायचं नाही, हे आण म्हणायचं नाही, मागून हाक तर नाहीच. मी सात वर्षांचा असताना एकदा न राहवून विचारलं होतं, "बाबा, कुठं चाललाव?" वडिलांनी टोपली खाली ठेवली, आत येऊन बसले, पाणी प्यायले, बराच वेळ भिंतीकडे बघितलं आणि मग गेले. ते गेल्यावर आईने माझ्या थोबाडीत मारली. त्या दिवशी जाळं खडकात अडकून फाटलं. मला कोणी बोललं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढे शिकलो, गाव सोडून अंधेरीत फ्लॅट घेतला, आणि पोटापाण्यासाठी प्रश्नच विचारायला लागलो. एकाही गॅरेजवाल्याने मला थोबाडीत मारली नाही.

दोघी जेट्टीवर गेल्या. पलीकडे मढला मावशी राहते, तिच्याकडून सुकी मासळी आणायची असणार. फेरीबोट लागलेली होती, फळी टाकलेली, आत सातआठ माणसं, एक स्कूटर. मी बर्फाच्या पेट्यांआड उभा राहून फोटो काढत होतो. शूज आले. वेण्या आल्या. पण सगळे फोटो पाठमोरे. जान्हवी म्हणेल, ही कोणाची मुलगी? रुचिकाने एक पाय फळीवर ठेवला. पाण्याकडे बघत होती, डावा हात कानाशी, आणि दुसरा हात तिने स्वतःहून नावाड्याच्या हातात दिला होता. घरच्या नसलेल्या माणसाच्या हातात. आता गेली की गेली, आणि शनिवार परवावर. नंबरप्लेट पाहिजे होती मला. मी पेट्यांआडून बाहेर आलो, मोबाईल वर धरला आणि हाक मारली. "रुचिका! कुठे चाललीस?"

ती वळली आणि मी फोटो काढला. चेहरा अगदी स्पष्ट आला.

पुढचं मी फार वेळ बघू शकलो नाही, पण बघावं लागलं. ती फळीवरून मागे आली ती सरळ खाली कोसळली. आवाज आधी फुटलाच नाही, नुसतं तोंड उघडं. मग फुटला. तिने शूज ओरबाडून काढले आणि एकेक करून खाडीत फेकले. रिबिनी ओढल्या, त्यांच्याबरोबर केसही आले. बोटीतली माणसं उठून उभी राहिली. नावाडी भाऊराव, माझ्या वडिलांबरोबर जाळी ओढलेला म्हातारा, माझ्याकडे बघत म्हणाला, "कोन रं तो? बोटीवर पाय ठेवनाऱ्याला मागून हाक मारतो? हरेश्वरचा पोर ना तू? लाज नाय वाटत?" मी मोबाईल खिशात घातला. पुढे जाऊन रुचिकाला उचलावं म्हणून दोन पावलं टाकली, तर आईने हात आडवा केला. ती स्वतःसुद्धा पोरीला शिवली नाही. हातभर अंतर ठेवून जेट्टीवर बसली, तोंड खाडीकडे. फेरीबोट निघून गेली.

वाऱ्याने आईच्या डोक्यावरचा पदर उडाला. जन्मभर अंबाडा घालणाऱ्या माझ्या बहात्तर वर्षांच्या आईच्या डोक्यावर दोन वेण्या होत्या. बारीक, पांढऱ्या, एक वर एक खाली, वाकडा भांग, टोकाला लाल रिबिनी. आईनेच सांगितलं, माझ्याकडे न बघता. "ती आदी माझ्या घालते. एक तास लावते, केस उपटते माझं. मंग मना पाठ देऊन बसते."

"आम्हाला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितला असता त काय केला असता तू? दुसऱ्या दिशी तिला बोलला असता, आजीकडं घालतंस त हितं पन घाल." तिने पायाशी पडलेली रिबीन उचलून गुंडाळली. "घरी जायच्या येळेला सगला सोडून टाकते ती. शूज माज्याकडं ठेवते. मी कशाला बोलू?"

मी अगदी तेच बोललो असतो, त्याच शब्दांत.

"तुझ्या बापाला सव्वीस वर्सां मी कदी इचारला नाय कुठं जातंस," आई म्हणाली. "मना म्हाईत नव्हता काय? पन निघालेल्याचा जीव आदीच घाबरलेला असतो रं. त्याला आनी काय बोलायचा? ही पोर मोरीत जायची तरी दर्यावर निघाल्यासारखी निघते. मना ते दिसला. तुमी शिकलेली मानसा, तुमाला दिसला नाय." यात टोमणा होता का? मी टोमणा शोधला. तेवढी सवय लागलीये. सापडला नाही. आई दमलेली दिसत होती, आणि मला तिच्या त्या वाकड्या वेण्यांकडे बघून रडू आलं. मी जेट्टीवर सगळ्यांदेखत रडलो. असं रडणाऱ्या इतरांना मी नेहमी नाटकी म्हणतो.

रुचिका एक तास दहा मिनिटांनी उठली आणि अनवाणी घराकडे चालू लागली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी ऑफिसला फोन करून उरलेली रजा टाकली, पण त्यांच्यामागे गेलो नाही. पेट्यांजवळ बसून फोटो उघडला. शूज, वेण्या, फळी, तारीख, वेळ. जान्हवीने मागितलं होतं तसं सगळं होतं. मग मी दोन बोटांनी चेहरा मोठा केला. चौदा वर्षांत मी तोंडाकडे बघितलं नव्हतं. डोळे असे की समोरून ट्रक येतोय. तिने मला ओळखलं होतं, आणि ओळखून घाबरली होती. नाटक करणारा पकडला जातो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे, निकाल सांगताना तेवढा दिसतोच. आधी हिशेबी होतो, मग रागीट. हा तसा नव्हता. हा डेंट नवा होता. आणि धडक कोणी दिली तेही फोटोत होतं. रुचिकाच्या पायाशी माझी सावली पडली होती, मोबाईल धरलेल्या हातासकट.

संध्याकाळी रुचिका टेबलाखाली होती. जान्हवीने विचारलं, "काय झालं? आजीकडून आल्यापासून एक अक्षर नाही बोलली." मी म्हटलं, "मी तिला जेट्टीवर हटकलं." जान्हवीला त्या शब्दाचं वजन कळलं नाही, तिच्या माहेरी कोणी दर्यावर जात नव्हतं. "म्हणजे ओरडलास?" "नाही. हाक मारली फक्त." ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी लपवतोय असं तिला वाटलं असणार. बरोबरच होतं. फोटो माझ्या खिशात होता. तो दाखवला तर ती आधी शूज बघेल की चेहरा, याची मला खात्री नव्हती. तिने शूज बघितले तर ती शब्दाची पक्की आहे, सही करेल. मी रुचिकाचं ताट टेबलाखाली सरकवलं आणि काही न बोलता गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने चमचा वाजला.

शुक्रवारी सकाळी जान्हवी अंघोळीला गेली होती. मी शर्टाची बटणं लावत होतो आणि कान टेबलाकडे होते. रोज येतो तो आवाज आज आला नाही. मला तो हवा होता, त्याची खोडी वाटायची तोच आवाज. नाही आला. बाहेरच्या खोलीत आलो तर दाराशी माझे काळे शूज ठेवलेले होते, टोकं बाहेरच्या बाजूला. शेजारी बॅग. रुचिका भिंतीकडे तोंड करून बसली होती, मांडीवर बाहुली, बाहुलीचे केस विंचरत होती. एक शब्द नाही. पाठ एकदम ताठ.

मी उभाच राहिलो. ती माझ्यावर रागावली होती का? माझं तोंड बघायचं नव्हतं तिला? की मी कुठेतरी निघालोय, मी सुखरूप परत यावं, म्हणून ती मला हटकत नव्हती? दोन्ही खरं असू शकत होतं. विचारलं असतं तर कदाचित कळलंही असतं. प्रश्न माझ्या जिभेवर होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तो गिळला. खाली बसलो आणि शूज घातले, सावकाश. रोज तिला सांगतो तितकं ते सोपं नव्हतं, डाव्या शूजची नाडी दोनदा बांधावी लागली.

जिन्यात आल्यावर मी तो फोटो जान्हवीला पाठवला. खाली लिहिलं, 'तिने आपणहून घातले. माझी हाक ऐकून वळली तेव्हाचा फोटो आहे. तिचा चेहरा बघ. सही करू नकोस.' मग बॅगेच्या आतल्या कप्प्यातून फॉर्म काढला, फाडला आणि तुकडे खिशात कोंबले. वरती दार उघडंच होतं. रुचिका भिंतीकडे बघते आहे की वळून माझ्याकडे, ते एकदा बघून घ्यावं असं फार वाटलं. पण निघालेल्याने मागे वळायचं नसतं, म्हणून मी खाली बघत पायऱ्या उतरलो.